ब्लॅकवॉटर फोटोग्राफी: तळ न दिसणाऱ्या काळोख्या पाण्यात, नाव माहीत नसलेल्या जिवासमोर

सातवाव

पाण्याखालच्या फोटोंवर इथे बरेच धागे आहेत. प्रवाळ, बुडालेली जहाजं, कासवं सगळं झालंय. हा धागा फक्त ब्लॅकवॉटरसाठी काढतोय.

थोडक्यात प्रकार असा. सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासाने किनाऱ्यापासून दूर, जिथे खाली निदान २०० मीटर आणि बरेचदा हजार-दोन हजार मीटर पाणी आहे, तिथे बोट वाहती सोडायची. दिवे बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि तिच्या आसपास, वरच्या ५ ते २० मीटरच्या थरात तरंगत राहायचं. तळ नाही, भिंत नाही, खडक नाही. दिवसा कित्येकशे मीटर खोल काळोखात राहणारे जीव रात्री चरायला वर येतात, त्यांची भेट इथे होते. ही रोजची ये-जा इतकी दाट असते की दुसऱ्या महायुद्धात सोनारवर हा थर समुद्राच्या तळासारखा उमटायचा आणि संध्याकाळी तो ‘तळ’ वर सरकायचा. हवाईतलं कोना, फिलिपिन्समधलं अनिलाओ आणि फ्लोरिडातलं पाम बीच ही या कामाची जुनी ठिकाणं.

यात फोटो का महत्त्वाचा, ते विल्यम बीबीच्या उदाहरणावरून कळतं. १९३४ च्या ऑगस्टमध्ये बर्म्युडाजवळ बीबी आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून ९२३ मीटर खोल गेले. त्या सगळ्या बुड्यांमध्ये बीबीने खिडकीतून जे पाहिलं ते टेलिफोनवरून वर सांगितलं आणि त्या वर्णनावरून एल्सा बोस्टलमन यांनी चित्रं काढली. त्याने वर्णन केलेले आणि नावंही दिलेले काही मासे त्यानंतर आजवर कोणालाच दिसलेले नाहीत. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण दाखवायला फोटो नव्हता, म्हणून ती नावं आजही अधांतरी आहेत. याउलट सप्टेंबर २००४ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ कुबोदेरा आणि मोरी यांनी ९०० मीटरवर आमिषासोबत कॅमेरा सोडला. तो दर ३० सेकंदांनी एक फोटो घेत होता. त्यातून जिवंत महाकाय माकुलाची खोल पाण्यातली पहिली छायाचित्रं मिळाली आणि वादाला जागाच उरली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ब्लॅकवॉटरचा फोटो सुंदर असावाच, पण तो दुसऱ्या कोणाला तपासता यावा असाही असावा. समोर काय आहे हे आपल्याला दहातल्या आठ वेळा कळत नाही. ते कळून घ्यायची सोय फोटोतच ठेवायची. उपकरणं, दोरी, ओळख, जे ज्याला माहीत आहे ते लिहा.

---

नवखा_पाणबुड्या

कॅमेरा कोणता लागतो? साध्या खिशातल्या कॅमेऱ्याने जमतं का? आणि १०५ मिमीची मॅक्रो लेन्स चालेल का?

---

भिंगवाली

१०५ पासून सुरुवात करते, कारण तिथेच पैसे आणि डाइव्ह दोन्ही वाया जातात. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १०५ चा दृश्यकोन इतका अरुंद की दोन सेंटिमीटरचा, सतत हलणारा, पारदर्शक जीव फ्रेममध्ये सापडेपर्यंत तो निघून जातो. फुल फ्रेमला ५० किंवा ६० मिमी मॅक्रो घ्या. त्याहून लहान सेन्सरचा एपीएस-सी असेल तर ३५ ते ६०, आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सला ३० किंवा ४५. पुढे सपाट पोर्ट, म्हणजे हाउसिंगची (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची) समोरची काच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. मॅक्रोला हा फायदाच आहे. डोम पोर्ट वाइडसाठी ठेवा.

सेटिंग: शटर १/२०० किंवा १/२५०, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जिथपर्यंत जुळतो तिथपर्यंत. अ‍ॅपर्चर एफ/१६ ते एफ/२२, आयएसओ २०० ते ४००. नैसर्गिक उजेड शून्य असतो, त्यामुळे फोटो पूर्णपणे स्ट्रोबच, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅशच, घडवतो. शटरने पार्श्वभूमी काळी करायची गरज नाही, ती काळीच आहे. एफ/२२ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनाने बारीक तंतू मऊ पडतात आणि बरेचदा ओळख त्या तंतूंवरच ठरते. मूक इलेक्ट्रॉनिक शटर बंद आहे ना ते बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर स्ट्रोब पेटतच नाही, आणि ‘स्ट्रोब बिघडला’ म्हणून अख्खी डाइव्ह जाते.

फोकस सतत, म्हणजे एएफ-सी, आणि तो शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या. पारदर्शक शरीरावर कॅमेरा पकडच घेत नाही आणि लेन्स पुढे-मागे धावत राहते. फोकस बिंदू डोळ्यावर ठेवा. डोळा हा बहुतेक पिल्लांचा एकमेव अपारदर्शक भाग असतो. डोळाच नसेल तर पोटातला अन्नाचा गोळा. फोकसची टॉर्च अरुंद झोताची, साधारण १००० ल्युमेनच्या आसपास, बरोबर कॅमेऱ्याच्या वर. शोधायला दुसरी रुंद, मंद टॉर्च. एकाच टॉर्चवर दोन्ही कामं केली तर शोधताना झोत अरुंद पडतो आणि फोटो घेताना पसरट.

स्ट्रोब दोन, मॅन्युअलवर, पाव ते अर्ध्या ताकदीवर. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, इथे फसतं, कारण फ्रेमचा नव्वद टक्के भाग काळा असतो. ते उजेड वाढवत नेतं आणि मधला चंदेरी मासा जळून पांढरा होतो. पूर्ण ताकदीवर ठेवलं तर पुढच्या फोटोसाठी भरायला दीड-दोन सेकंद जातात. तेवढ्यात जीव वळलेला असतो. जागा: डावीकडे ९ आणि उजवीकडे ३ वाजताच्या काट्यावर, पोर्टपासून १५-२० सेंटिमीटर, तोंड पोर्टच्या पातळीच्या थोडं मागे. समोरून सरळ मारलेला उजेड पारदर्शक जिवाच्या आरपार जातो आणि काही उमटत नाही. बाजूने आला की कडा, स्नायूंच्या रेषा, आतडं, सगळं उजळतं. पाण्यातले कणही कमी चमकतात.

खिशातला कॅमेरा: टीजी-६ किंवा टीजी-७ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत जातो, पण ब्लॅकवॉटरला हाउसिंगमध्येच न्या. इथे १५ ची २० मीटर कधी झाली ते कळत नाही. मायक्रोस्कोप मोड उत्तम आहे. अडचण एकच, बटण दाबल्यापासून फोटो पडेपर्यंतचा उशीर. सॅल्प (पिंपासारखा पारदर्शक, पोकळ जीव) किंवा कोंबजेली (जेलीफिशसारखा दिसणारा मऊ जीव) अशा संथ जिवांवर सराव करा, माकुलाच्या पिल्लामागे लागू नका.

---

डोलकाठी

कॅमेऱ्याचं छान झालं. आता दोरीचं, कारण माणूस परत येतो तो दोरीमुळे.

मुख्य दोरी १५ ते २० मीटर, वर निदान दोन माणसांना आरामात तोलणारा मोठा बॉय (तरंगता फुगा), खाली ५ ते ८ किलो वजन. वजन कमी पडलं तर दोरी तिरकी होते, आणि तिरक्या दोरीकडे बघून माणसाला उभं-आडवं कळेनासं होतं. दर चार-पाच मीटरवर एक दिवा, सगळ्यात प्रखर दिवा सगळ्यात खाली. बॉयवर वेगळ्या रंगाचा लुकलुकणारा दिवा, म्हणजे पाण्यातून आणि बोटीवरूनही तो ओळखता येतो.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दोरी बोटीलाच बांधणं. बोटीचा वरचा भाग वाऱ्यात असतो. वारा बोट ढकलतो, बोट दोरी ओढते आणि पाणबुडे मात्र पाण्याबरोबर वाहतात. दहा मिनिटांत दिवे लांब गेलेले दिसतात आणि लोक पाय मारत मागे धावतात, हवा संपवतात. दोरी बॉयला, बॉय मोकळा, आणि बोटीने बॉयच्या मागे राहायचं. बांधायचीच वेळ आली तर पाण्यात ड्रोग (बोटीला मागे धरणारी कापडी छत्री) सोडा, म्हणजे बोटीचं वाहणं पाण्याच्या वेगाजवळ येतं. कोनाला पाणबुड्यालाच छोट्या दोरीने मुख्य दोरीशी अडकवतात. सुरुवातीला तेच बरं. अनिलाओला बहुधा मोकळे सोडतात.

पाण्यात काय चुकतं? खोली. जमिनीशी तुलना करायला काहीच नसल्यामुळे, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून जिवामागे जाणारा माणूस नकळत खाली जातो. डाइव्ह संगणकावर (खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी यंत्रावर) १८ मीटरचा गजर लावा आणि दोरीच्या खालच्या दिव्याच्या खाली जायचं नाही हा नियम ठेवा. जीव खाली गेला तर गेला. गरगरल्यासारखं झालं तर कॅमेरा सोडून, अर्थात मनगटाला अडकवलेला असतानाच, आपले बुडबुडे कुठे जातात ते बघा. बुडबुडे जातात तिकडे वर. मग दोरी पकडा. टाकीत ७० बार दाब उरला की परतीला लागायचं, ५ मीटरवर तीन मिनिटं, आणि वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी. प्रत्येकाकडे दोन टॉर्च, एक सिग्नल बॉय, टाकीला स्वतःचा छोटा दिवा.

अंग पूर्ण झाकलेलं हवं, डोक्यावर हूड, हातात पातळ मोजे. सायफोनोफोर या जेलीफिशच्या नात्यातल्या जिवाचे डंख करणारे तंतू कित्येक मीटर लांब आणि जवळजवळ अदृश्य असतात. ते नेमके ओठ आणि मानेवर लागतात.

आणि एक विनंती. तटस्थ तरंगणं, म्हणजे वर-खाली न जाता एका खोलीवर राहणं, अंगवळणी नसेल तर कॅमेरा न घेता पहिल्या दोन ब्लॅकवॉटर डाइव्ह करा. तळाशिवायच्या काळोखाशी आधी माणसाची ओळख होऊ द्या, मग कॅमेऱ्याची.

---

नवखा_पाणबुड्या

खूपच उपयोगी, धन्यवाद. हाउसिंगमध्ये पाणी शिरण्याची भीती वाटते. ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला, ग्रीस किती लावायचं?

---

भिंगवाली

फार थोडं. ग्रीस पाणी अडवत नाही, रबर अडवतं. ग्रीस फक्त रबर सरकून नीट बसावं म्हणून. बोटांमध्ये रिंग ओढली की ती चकाकली पाहिजे, त्यावर थर दिसता कामा नये. जास्त ग्रीसला केस आणि टॉवेलचे धागे चिकटतात आणि एक केस पुरेसा असतो. ग्रीस त्या हाउसिंगच्या कंपनीचंच घ्या. सिलिकोन रिंगला सिलिकोन ग्रीस लावलं तर ती फुगते.

व्हॅक्युम झडप बसवून घ्या. हात-पंपाने आतला दाब साधारण २०० मिलिबार कमी करायचा आणि अर्धा तास ठेवायचं. दाब टिकला तर रिंग बसली. एक खबरदारी: एसी खोलीत बंद करून लगेच उन्हात ठेवलं तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि गळती नसतानाही झडपेचा सूचक दिवा लाल होतो. सावलीत ठेवून पुन्हा बघा. बंद करणं मात्र एसी खोलीतच करा, हवा कोरडी असते. दमट डेकवर बंद केलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की पोर्ट आतून धुकटतो.

आणि खरंच पाणी शिरलं तर पोर्ट खाली करून वर या, पाणी काचेत साचू दे. बोटीवर हाउसिंग उघडून आधी बॅटरी काढा. लिथियम बॅटरी आणि खारं पाणी म्हणजे धूर निघू शकतो, म्हणून हाउसिंग तोंडाजवळ धरून उघडू नका.

---

प्लवक

ओळखीबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, पिल्लू मोठ्या माशासारखं दिसत नाही. वामचं पिल्लू काचेच्या पानासारखं चपटं असतं. लोकांनी त्याला वेगळाच मासा समजून लेप्टोसेफॅलस असं नावही दिलं होतं. १८९० च्या दशकात इटलीत ग्रासी आणि कालान्द्रुच्चो यांनी ते टाकीत बदलताना पाहिलं, तेव्हा ते युरोपातल्या वामचंच बाळ निघालं. शेवंडाचं पिल्लू तर कागदाच्या कात्रणासारखं असतं आणि जेलीफिशवर स्वार होऊन फिरतं. लेपीसारख्या चपट्या माशांच्या पिल्लांत एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकत असतो, तो मधल्या टप्प्यावर सापडला तर फोटो जपून ठेवा. काही पिल्लांचं आतडं शरीराबाहेर लोंबत असतं. ते जखमी नसतात, ती त्यांची घडणच आहे. फ्रोनिमा नावाचा लहानसा जीव सॅल्पला आतून खाऊन त्याच्या पिंपात राहतो. समोरून बघितलं तर दोन वेगळे प्राणी वाटतात.

आता फोटोचा खरा उपयोग. ही पिल्लं दीडशेहून जास्त वर्षं जाळ्यातून पकडून अभ्यासली गेली. जाळ्यात त्यांचे लांब तंतू तुटतात आणि फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये रंग जातो. त्यामुळे पुस्तकातलं चित्र आणि पाण्यातला जीव जुळत नाही. कोनाच्या पाणबुड्यांनी आधी जिवंत फोटो घेतले, मग तेच जीव नमुने म्हणून संशोधकांना दिले, आणि डीएनएने ओळख पक्की झाली. त्यावरचा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटो, नमुना आणि डीएनए असे एकाच जिवाचे तीन पुरावे एकत्र आले. आपल्याकडे नमुने गोळा करायला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्रघोडे, प्रवाळ, समुद्रकाकड्या संरक्षित आहेत, आणि पिल्लू कोणाचं ते आपल्याला पाण्यात कळत नाही. फोटोवर थांबा.

फोटो चार बाजूंनी घ्या: डाव्या कुशीवरून, वरून, समोरून, आणि शेपटी पूर्ण फ्रेममध्ये. पंखातले काटे आणि शरीरातले स्नायूंचे खंड मोजता आले पाहिजेत, ओळख तिथे ठरते. फक्त चेहऱ्याचा देखणा फोटो असेल तर संशोधक हात जोडतात. पाच-सहा फोटो झाले की टॉर्च बाजूला करा. कोंबजेली आणि सायफोनोफोर पायातल्या फिनच्या एका फटक्यात फाटतात, म्हणून त्यांच्याजवळ पाय गुडघ्यात दुमडून ठेवा.

पाण्यात जाण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ डाइव्ह संगणकाशी सेकंदापर्यंत जुळवा, आणि पहिला फोटो संगणकाच्या पडद्याचा घ्या. मग प्रत्येक फोटोची खोली नोंदीतून काढता येते. जागा, तारीख, चंद्र, खालच्या पाण्याची खोली लिहून ठेवा. नाव लिहिताना धीर धरा. ‘माशाचं पिल्लू, कुळ अनिश्चित’ हे उत्तम नाव आहे. एकदा चुकीचं नाव फोटोबरोबर फिरू लागलं की ते पुसायला कोणी जात नाही.

---

कांदळवन

मालवण-तारकर्लीला हे होईल का?

---

डोलकाठी

खरं ब्लॅकवॉटर नाही. आपल्या किनाऱ्यासमोर उथळ सपाटी फार रुंद आहे. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर जाते. दक्षिणेला अरुंद होते, तरी मालवणहून संध्याकाळी निघून २०० मीटर पाणी गाठणं आणि परत येणं जमणारं नाही. भारतात हे करायचं तर लक्षद्वीप किंवा अंदमान, जिथे बेटाच्या कडेपासून पाणी झपाट्याने खोल जातं. दोन्हीकडे परवाने आणि बंदी असलेली क्षेत्रं आधी नीट बघा.

पण याचं धाकटं भावंड, बॉनफायर, कोकणात करता येईल. ८ ते १२ मीटरवर वाळूच्या तळावर तीन-चार दिवे वर तोंड करून ठेवायचे आणि अर्ध्या तासाने जायचं. माकुलाची पिल्लं, कोळंबीची पिल्लं, खेकड्यांची पिल्लं उजेडाला येतात. दिवे खडकावर किंवा प्रवाळावर ठेवू नका. तिथले मासे गोळा होऊन येणारं सगळं खाऊन टाकतात.

अडचण पाण्याची. ब्लॅकवॉटरवाले अमावस्या मागतात, पण आपल्याकडे अमावस्येला उधाण, प्रवाह जोराचा आणि पाणी गढूळ. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी निवळतं. म्हणून कृष्ण नवमी-दशमी बघा. भांग असतो, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणजे संध्याकाळी पूर्ण काळोख. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे वेळ येतो, नवमीला पावणेसातच्या सुमारास. भरतीच्या शेवटी समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी जोरात लागली की खाडीचा गाळ बाहेर येतो. हा आडाखा झाला, जायच्या आधी त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चांगल्या दिवशी ५ ते ८ मीटर दिसतं, बॉनफायरला तेवढं पुरतं. रात्रीची डाइव्ह देणारी प्रमाणित संस्था असेल तरच, आणि मालवणच्या सागरी अभयारण्याचे नियम विचारूनच.

---

कांदळवन

पाऊणपटीचा हिशोब घरी आजोबांच्या तोंडी असायचा, तो इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आणखी एक: कण साफ करायला सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमी काळी केली तर चालतं ना?

---

भिंगवाली

भिंतीवर लावायच्या फोटोला चालतं. मी स्वतः सगळ्या फोटोचा गडदपणा एकसारखा थोडा वाढवणं मान्य करते, ब्रशने पुसणं नाही. कारण जिवाचे शेवटचे तंतू काळ्याच्या अगदी सीमेवर असतात आणि ब्रशला तंतू आणि कण यांतला फरक कळत नाही.

---

सातवाव

भिंगवालीताईंशी पूर्ण सहमत, आणि एक पुढचं म्हणतो. मूळ रॉ फाइल हात न लावता ठेवायचीच. ‘कण’ म्हणून पुसलेला ठिपका कधी त्या पिल्लाचं खाणं असतं, कधी त्याच्यावर बसलेला परजीवी. आज आपल्याला तो कचरा वाटतो, याचा अर्थ एवढाच की आपल्याला तो ओळखता येत नाही.

---

नवखा_पाणबुड्या

आकार कसा कळवायचा? पाण्यात सगळंच मोठं दिसतं म्हणालात.

---

प्लवक

अंदाजाने लिहू नका, मोजा. फोकस मागच्या बटणावर असल्यामुळे बटण सोडलं की लेन्स आहे तिथेच थांबते. जिवाच्या फोटोंची मालिका संपली की बटणाला हात न लावता, पाटीवर चिकटवलेली सहा इंची स्टीलची पट्टी पोर्टसमोर पुढे-मागे करा. व्ह्यूफाइंडरमध्ये रेघा धारदार दिसतील तिथे एक फोटो घ्या. लेन्स हलली नसेल तर जीव आणि पट्टी एकाच अंतरावर, एकाच मोठेपणाने उमटले. घरी पट्टीवरच्या १० मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल येतात ते मोजा. समजा ८३० आले, म्हणजे मिलिमीटरला ८३. जीव १५०० पिक्सेलचा असेल तर तो १८ मिलिमीटरचा. पट्टी चकाकते, म्हणून तिला बारीक पॉलिशपेपर मारून घ्या, नाहीतर स्ट्रोबमध्ये रेघा पांढऱ्यात बुडतात.